खंडेनवमीला उठवलेलं यंत्र

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. एक प्रकरण मात्र पुसट व्हायला तयार नाही. त्यात ना रक्त सांडलं, ना कोणी कोणावर हात उगारला. नव्वदच्या दशकात ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरच्या यादीत कोणीतरी फेरफार केला, एवढंच. पण त्यापायी एका बाईची नोकरी आणि अब्रू माझ्या एका सहीवर येऊन थांबली होती. नावं कोणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून ठाण्या-कल्याणातच राहतात.

मी मूळचा किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली. भरतीला म्हणून ठाण्याला आलेलो, तो इथलाच झालो. शिपाई, हवालदार, मग सहायक फौजदार. माझ्यासारख्या कमी शिकलेल्याच्या खांद्यावर सरकारने तारा लावला, याचे उपकार मी कधी विसरलो नाही; आणि तो कोणीतरी चूक दाखवून काढून घेईल ही धास्तीही कधी गेली नाही. कागद इंग्रजीत आला की छातीत धडधडायचं. म्हणून मी प्रत्येक कागद हळू वाचायचो, बोट ठेवून. पोरं हसायची. हसू देत.

दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात आमच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांनी, आत बोलावलं. समोर एक अभियंता साहेब बसलेले. पाणीपुरवठा बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयाचे प्रमुख.

"ये रे," मोठे साहेब म्हणाले. "कॉम्प्युटर कधी बघितलायस?"

"लांबून, साहेब."

"मग झालं. बाकीच्यांनी लांबूनही बघितलेला नाही. हा गुन्हा तुझ्याकडे."

प्रकरण असं होतं. डोंबिवलीच्या बाजूला इमारती भराभर उठत होत्या आणि पाणी तेवढंच. नवीन नळजोडणी हवी असली की अर्ज करायचा आणि ज्येष्ठता यादीत आपला नंबर यायची वाट बघायची. वाट म्हणजे वर्षं. आधी ही यादी जाड रजिस्टरात असायची, दोन वर्षांपूर्वी ती कॉम्प्युटरवर आली. ठाण्याच्या कार्यालयात चार यंत्रं, कल्याणच्या शाखेत एक. कल्याणचं यंत्र टेलिफोनच्या तारेने ठाण्याला जोडलेलं. दर महिन्याला यादी छापून बोर्डावर लागायची.

डोंबिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त शिक्षक होते. हे गुरुजी दर महिन्याला ठाण्याला यायचे आणि बोर्डासमोर उभे राहून अख्खी यादी वहीत उतरवून न्यायचे. सवयच ती. त्यांचा नंबर एक्केचाळीस होता, तो एका महिन्यात चव्वेचाळीस झाला. मध्ये एकाच बिल्डरच्या तीन इमारती घुसल्या होत्या. गुरुजींनी वही घेऊन अभियंता साहेबांचं दार ठोठावलं आणि वर्तमानपत्रात जायची तयारी दाखवली. मग कार्यालय आमच्याकडे धावलं.

अभियंता साहेबांनी एक कागद पुढे केला. "यादीत कोणी बदल केला की यंत्र स्वतःच नोंद ठेवतं. हे बघा, आमच्या ऑपरेटर बाईचं नाव. तिचा सांकेतिक शब्द टाकल्याशिवाय यादी उघडत नाही, आणि तो तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. नियमच आहे आमच्याकडे. फार कडक."

ते गेल्यावर मोठे साहेब म्हणाले, "वरून दोनदा फोन आलाय, अटक कधी म्हणून. परवापर्यंत काय ते सांग. पण अटक करण्याआधी एक लक्षात ठेव. बाई नवऱ्याच्या जागी अनुकंपावर लागलेली आहे, अजून कायम झालेली नाही. अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिली की आपोआप निलंबित. मग पुढे निर्दोष सुटली तरी तिला कोण परत घेतोय?"

म्हणजे माझ्याकडे दोन दिवस होते. त्या काळी कॉम्प्युटरच्या गुन्ह्याला वेगळा कायदाही नव्हता. फसवणूक आणि बनावटीकरणाची जुनीच कलमं लावायची.

कुठल्याही कार्यालयाची चौकशी करायची असेल तर मी आधी साहेबाकडे जात नसे, खाली चहाच्या टपरीवर जायचो. साहेब नियम सांगतो. चहावाला काय चालतं ते सांगतो. साध्या कपड्यात गेलो, कटिंग घेतला, आणि सहज म्हटलं, वरच्या ऑपरेटर बाईंचं काहीतरी झालंय म्हणे.

"आमच्या ताईंचं?" चहावाले काका तापलेच. "काही झालेलं नाही त्यांचं. म्हणे गुप्त शब्द! अहो, कसला गुप्त? मी रोज दहाला चहा घेऊन वर जातो. एक इकडून ओरडतो, ताई, एकवीरा चालत नाय. दुसरा म्हणतो, अरे मोठ्या अक्षरात टाक. आईचं नाव घेऊनच हापिस सुरू होतं त्यांचं. उद्या मला यंत्रावर बसवलंत तर उघडून दाखवीन."

बाई कोळी समाजातली. तिचा सांकेतिक शब्द तिच्या कुलदेवीचा होता, आणि तो टपरीपर्यंत सगळ्यांना पाठ होता.

बाईमाणसाला चौकशीला पोलीस ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या राहत्या जागी जायचं, हा कायदा आहे. महिला शिपाई बरोबर घेऊन मी दुपारी तिच्या घरी गेलो. खाडीजवळची वस्ती. ओट्यावर तिची सासू बोंबील निवडत बसलेली. वर्दी बघून उठली नाही की घाबरली नाही.

"आलाव? या. बसा. माझे सुनेला न्यायाचं असंल तर आधी मना न्या. मीच शिकवलाय तिला तो शब्द."

"आई, गप बस ना गं," आतून बाई आली. तिशीची असेल. डोळे सुजलेले, पण बोलणं नीट. तिची मुलगी शाळेत गेली होती, ती यायच्या आत आम्ही जावं असं तिला वाटत होतं, हे मला कळलं.

मी विचारलं, "शब्द तुमचाच ना?"

"माझाच."

"दुसऱ्या कोणाला सांगितला?"

तिने खाली बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं, 'नाही' म्हणायचं. ती म्हणाली, "सगळ्यांना. यंत्रं आली तेव्हा शिकायला फक्त मला पाठवलं, दोन दिवस मुंबईला. बाकीचे म्हणाले, आम्हाला ह्या वयात नको. मग सकाळी मी चारही यंत्रं उघडून द्यायची. मी एक दिवस रजेवर गेले तर काम अडलं. साहेब म्हणाले, असं चालायचं नाही, शब्द सगळ्यांना देऊन ठेव. कल्याणलाही फोन करून सांग."

"साहेब म्हणजे तुमचे अभियंता साहेब?"

"हो."

"लेखी?"

"साहेब लेखी देतात का कधी?"

हे खरंच होतं. पण तोंडी हुकूम कोर्टात टिकत नाही. मी अभियंता साहेबांनी दिलेला तो नोंदीचा कागद काढला. बोट ठेवून वाचायला लागलो. इंग्रजी आकडे, इंग्रजी अक्षरं. बदल केल्याची तारीख होती, ती मी मोठ्याने वाचली.

ओट्यावरून सासूने विचारलं, "कवाचा सांगलास?"

मी परत वाचली. तिने बोटं मोजली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. "जल्ला, यो तं खंडेनवमीचा दिस. दसऱ्याच्या आदला. त्या दिशी ही दुपारचीच घरा आली, हातान पेढं घेऊन. आम्ही त्या दिशी जाल्याला पन हात लावत नाय. मंग यंत्राव बसला कोन?"

 बाईने एकदम कागद ओढून घेतला. "साहेब, हा शेवटचा रकाना बघा. पाच. आमची ठाण्याची यंत्रं एक ते चार. पाच म्हणजे कल्याण."

हा कागद सकाळपासून माझ्या खिशात होता. अभियंता साहेबांकडे तर चार दिवस. त्यावर तारीख होती, यंत्राचा नंबर होता. पण सगळ्यांनी फक्त नाव वाचलं होतं. मीही.

ठाण्याच्या कार्यालयात विचारलं. खंडेनवमीला सकाळीच चारही यंत्रांना हार घालून, हळदकुंकू वाहून पूजा झाली होती. पूजेला बसवलेलं हत्यार, अवजार, यंत्र दसऱ्याची पूजा होईपर्यंत उठवायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. मिलपासून पोलीस ठाण्याच्या शस्त्रागारापर्यंत सगळीकडे पाळतात. हजेरी लावून, प्रसाद घेऊन बारा वाजता माणसं घरी. प्रत्येकाने तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याण गाठलं. शाखा कसली, चार खोल्या. यंत्र एका छोट्या केबिनमध्ये, त्याची किल्ली हेड क्लार्ककडे. हेड क्लार्क बाहेर गेले होते, ते बरंच झालं. शिपाईमामा भेटले, निवृत्तीला आलेले कोकणातले गृहस्थ. मी खंडेनवमीचं नाव काढलं मात्र, मामा सुरूच झाले.

"त्या दिवसाचं काय सांगू साहेब! झेंडूचा हार मी स्वतः ओवलेला. यंत्रावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. सगळी गेली घरी. मी कप विसळून येतो तर आतून टकटक, टकटक. बघतो तर ह्यांनी हार काढून खिडकीत टाकलेला. म्हटलं, अहो, पूजेतलं यंत्र उठवलंत? तर म्हणाले, मामा, ठाण्याचं अर्जंट आहे, देव समजून घेतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, देव घेईल समजून. मी नाय घेणार. तेव्हापासून त्यांना चहा देतो, पण बोलत नाय."

"हेड क्लार्कच होते ना?"

"मग दुसरा कोण? किल्ली त्यांच्याकडेच. बटणांच्या फटींत अजून कुंकू असेल, बघा. मी पुसलेलं नाय. का पुसू?"

दोन पंच बोलावून पंचनामा केला. "कीबोर्डच्या बटणांच्या फटींत लालसर व पिवळसर पूड आढळून आली" हे वाक्य लिहिलं आणि परत एकदा वाचून बघितलं. एवढ्या नोकरीत असलं वाक्य मी लिहिलं नव्हतं.

हेड क्लार्कला नोटीस देऊन दुपारी ठाण्याला बोलावलं. आले ते व्यवस्थित भांग पाडून, हातात पिशवी. मी बसवलं, पाणी दिलं आणि काहीच विचारलं नाही. माझा अनुभव असा, की निर्दोष माणूस गप्प बसवलं की चिडतो. ज्याच्या मनात काही असतं तो न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पाच मिनिटांनी ते म्हणाले, "साहेब, ते यादीचं असेल तर मला त्यातलं काही कळत नाही. मला तर तो शब्दसुद्धा माहीत नाही."

"कुठला शब्द?"

"तोच. बाईंचा."

"तुमच्या ठाण्याच्या चहावाल्याला माहीत आहे, आणि तुम्हाला नाही?"

ते हसले. "तसा कानावर आला असेल कधीतरी."

"हार कोणी काढला?"

"कसला हार?"

"खंडेनवमीचा."

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो मघाशीच रिकामा झाला होता, तरी त्यांनी तोंडाला लावला. मी भरून दिला. मामांचा जबाब वाचून दाखवला, शेवटच्या 'का पुसू'सकट. त्यानंतर फार वेळ लागला नाही. तीन इमारतींचा बिल्डर त्यांच्या ओळखीचा, त्याने एक फ्लॅट द्यायचं कबूल केलेलं. सुट्टीसारखा दिवस निवडला तो कोणी बघायला नको म्हणून, आणि नाव बाईचं लागणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"त्या बाईला मूल आहे, ठाऊक होतं?" मी विचारलं.

"साहेब, मला वाटलं, चौकशी-बिवकशी होईल आणि मिटेल. आमच्याकडे सगळं मिटतं."

त्या संध्याकाळी त्यांना अटक दाखवली. मोठे साहेब खूश. मलाही वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच अभियंता साहेब एक फाईल घेऊन हजर.

"अभिनंदन," ते म्हणाले. "पण बाईचं नाव वगळू नका. तिने शब्द फोडला नसता तर हे घडलंच नसतं. हा बघा आमचा नियम. प्रत्येकाचा शब्द स्वतंत्र, दर महिन्याला बदलायचा, कोणाला सांगायचा नाही. आणि ही दरमहाची पूर्तता प्रमाणपत्रं. नियमाचं पालन होतं असं मी दर महिन्याला वर कळवलेलं आहे. म्हणजे नियम मोडला तो तिनेच."

कागदावर त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. बारा महिन्यांची बारा प्रमाणपत्रं, प्रत्येकावर सही-शिक्का. मी म्हटलं, फाईल ठेवून जा. हुशारी म्हणून नव्हे. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून.

दुपारभर ती बारा पानं टेबलावर पसरून बसलो. बारा महिन्यांत शाई एकच. बाराही सह्यांची शेपटी खालच्या ओळीला सारखीच लागलेली. पाचव्या-सहाव्या पानापर्यंत सही ठसठशीत, मग हात दमत गेलेला. मला हे ओळखायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. आमच्या पोलीस ठाण्याची वार्षिक तपासणी जवळ आली की आम्ही काय करायचो? वर्षभराची राहिलेली रजिस्टरं काढून एका बैठकीत भरायचो. मुद्देमाल खोली तपासली, ठीक. शस्त्रं साफ केली, ठीक. आगीच्या बादल्या भरल्या, ठीक. मीही भरलेली आहेत. एका बैठकीत मारलेल्या बारा सह्या कशा दिसतात, ते माझ्याच हाताने मला शिकवलं होतं.

पण माझ्या डोळ्याला वाटलं म्हणून पुरावा होत नाही. गुरुजींना निरोप धाडला, ते वही घेऊन आले. दर महिन्याची यादी सुवाच्य अक्षरात. जुलैच्या पानावर मात्र यादीच नव्हती. एक ओळ होती: 'छत गळून मुख्य यंत्र बिघडले. महिनाभर मुंबईस दुरुस्तीला. यादी लागली नाही. फेरी फुकट.'

जुलैचं प्रमाणपत्र काढलं. 'या महिन्यात सर्व सांकेतिक शब्द बदलण्यात आले आहेत.'

अभियंता साहेबांकडे गेलो. जायच्या आधी दोनदा मागे फिरावंसं वाटलं. माणूस मोठा, शिकलेला. आणि वाईट अजिबात नाही. पाइपलाइन फुटली की स्वतः खड्ड्यात उतरणारा, असं त्यांचेच लोक सांगायचे.

"साहेब, जुलैत यंत्र कुठे होतं?"

"दुरुस्तीला. त्याच्याशिवाय बाकीचीही बंद होती. का?"

"मग शब्द कसे बदलले?"

मी प्रमाणपत्र आणि गुरुजींची वही शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अहो जमादार, हा नुसता फॉर्म असतो. वरून येतो, सही करून वर जातो. एक महिना चुकला तर स्मरणपत्र येतं. आत काय लिहिलंय ते वरचेही वाचत नाहीत. मी पाणी बघू की ही अक्षरं बघू?"

"हा नियम बाईंना दिल्याची पोच आहे का, साहेब?"

"सांगितलं असेल ना तोंडी."

"असेल?"

त्यांनी खण उघडला. नियमाचं मूळ पत्रक त्यांच्याच खणात निघालं. इंग्रजीत, चार पानी. त्यावर कार्यालयातल्या एकाही माणसाची सही नव्हती.

मोठे साहेब वैतागले. "तू त्यांचं ऑडिट करायला बसलायस का? आरोपी मिळालाय, दोषारोपपत्र लाव आणि मोकळा हो."

"साहेब, त्यांचं म्हणणं बाईला आरोपी क्रमांक दोन करा. करायचं तर ही बारा पानंही कोर्टात जातील. नियम एक, तर लागायचा दोघांनाही. नाहीतर दोघांना साक्षीदार करू."

साहेबांनी ती पानं हातात घेऊन चाळली. "आठवी पास ना रे तू?"

"सातवी, साहेब. आठवीत सुटली."

"बरं झालं सुटली," ते म्हणाले, आणि बाईचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवायला सांगितलं. त्या माणसाने त्या दिवशी मला झापून बसवलं असतं तर मी बसलो असतो. त्यांचे उपकार आहेत.

बारा प्रमाणपत्रं जप्त झाली. मी त्यांच्या मुख्यालयालाही एक पत्र पाठवलं. एकच प्रश्न: ही प्रमाणपत्रं खरी आहेत की नाहीत, हे कोण तपासतं? महिन्याभराने उत्तर आलं. 'संबंधित कार्यालयाचे सर्व अहवाल विहित मुदतीत प्राप्त झाले आहेत.' मी ते तीनदा वाचलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. नंतर वाटलं, होतं की.

तरीही कार्यालयाने बाईवर खातेनिहाय चौकशी लावलीच. मला साक्षीला बोलावलं. चौकशी अधिकारी मुंबईहून आलेले, करडे. 

"तिने सांकेतिक शब्द इतरांना सांगितला, हे तुमच्या तपासात निष्पन्न झालं?"

"झालं, साहेब."

"म्हणजे नियमभंग झाला."

मला माहीत होतं, इथे मी 'हो' म्हटलं की ती संपली. आणि 'नाही' म्हणणं खोटं होतं. म्हटलं, "साहेब, आमच्याकडे पहाऱ्यावरच्या शिपायाला आधी हुकूम वाचून दाखवतात आणि त्याची सही घेतात. मग तो झोपला तर त्याला शिक्षा. हुकूम साहेबाच्या खणात आणि शिपाई पहाऱ्यावर, असं असेल तर आम्ही शिपायाला विचारत नाही. खण कोणाचा, ते विचारतो."

त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. निकाल यायला दोन-तीन महिने लागले. बाई दोषमुक्त झाली आणि पुढे कायमही झाली. अभियंता साहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बदली झाली. हेड क्लार्कवर खटला चालून शिक्षा झाली. यादी दुरुस्त झाली, गुरुजींचा नंबर परत एक्केचाळीस. मुख्यालयात जिथे ते बाराही कागद वेळेवर पोचले म्हणून टिपून ठेवले होते, तिथल्या कोणालाच काही झालं नाही.

या प्रकरणाने मला कॉम्प्युटर शिकवला नाही. सहीचं वजन शिकवलं. चोर एखादाच असतो, आणि तो सापडतो. पण 'पालन झाले' असं न बघता लिहिणारे हात शंभर असतात आणि त्यांत आपलाही असतो, हे कळायला मला दुसऱ्याची फाईल बघावी लागली. त्याच आठवड्यात आमच्या मुद्देमाल खोलीचं रजिस्टर सहीला आलं. मी म्हटलं, खोली उघडा. दिवस गेला त्यात. पोरं मला बरेच दिवस 'कॉम्प्युटर साहेब' म्हणायची.

बाई कायम झाल्यावर काही दिवसांनी आमच्या पोलीस ठाण्यात आली. नवीन अभियंता साहेबांनी, ते वयाने तरुण होते, पहिल्याच महिन्यात पाचही यंत्रांच्या माणसांना बसवून प्रत्येकाचा शब्द वेगळा करायला लावला होता. कल्याणला ती स्वतः जाऊन आली. मामांनी तिला चहा पाजला, म्हणाली. ह्या सगळ्यात प्रमाणपत्र वर जायला चार दिवस उशीर झाला, आणि मुख्यालयातून पत्र आलं: अहवाल विलंबाने का सादर केला, याचा खुलासा करावा. खुलाशाचा मसुदा करायला साहेबांनी तिलाच सांगितलं होतं.

"बरोबर लिहिलंय का बघा," ती म्हणाली. आवाजात धाकधूक होतीच. नोकरी कायम झाली म्हणून धास्ती जात नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

मी बोट ठेवून वाचलं. 'प्रत्येक यंत्रापाशी प्रत्यक्ष जाऊन खात्री करून घेतल्याने या वेळी अहवालास चार दिवस विलंब झाला. क्षमस्व.'

"सगळं बरोबर आहे, ताई," मी म्हटलं. "फक्त शेवटचा शब्द काढा."

तिने माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि तो खोडला.